सुजाताचा प्रश्न

हे मी बायकोलाही सांगितलं नाही. ती वारली, आता ऐकणारं घरात कोणी नाही, तरीही आजवर लिहिलं नव्हतं. सांगायचं टाळण्यासाठी मी काय काय केलं — सेवानिवृत्तीनंतर नव्या प्राध्यापकांपुढे भाषणंसुद्धा दिली. ‘विद्यार्थ्याच्या बोलीचा मान राखा, गणित त्याच्या भाषेतून त्याच्यापर्यंत न्या.’ टाळ्या पडल्या. मी त्या घेतल्या.

मी वडनेरचा. घरी भाजीपाल्याची शेती, बोली वऱ्हाडी — शेताला ‘वावर’, ‘का’ला ‘काऊन’. कॉलेजात शिकवायला लागलो तशी ती बोली मी पुसून टाकली. वर्धेत कोणाला माझं गाव कळू नये, असं वाटायचं — का वाटायचं? आता काय सांगू.

एम.एस्सी.च्या वर्गात सुजाता आली. तीही वडनेरचीच, बौद्ध वस्तीतली, घरातून कॉलेजात पोचलेली पहिली. मी तिच्या गावचा आहे हे तिला ठाऊक होतं. म्हणूनच ती माझ्याशी मोकळी बोलली असेल.

मी फळ्यावर एक सिद्धता लिहीत होतो. न संपणारी बेरीज, तिची मर्यादा. दोन्हींचा क्रम मी बदलला आणि पुढे गेलो. ती उभी राहिली.

“सर, हे काऊन चालते? आधी बेरीज केली काय अन् नंतर केली काय, उत्तर तेच येईन, हे कशावरून?”

मला ठाऊक नव्हतं. खरंच नव्हतं. माझ्या सरांनी तसंच लिहून दिलं होतं, मी तसंच लिहीत आलो होतो. पण वर्ग बघत होता, आणि ती माझ्या आईच्या भाषेत विचारत होती.

“बाई, हे वावर नाही,” मी म्हणालो. “इथे माणसासारखं बोलायचं.”

वर्ग हसला. मागच्या बाकावरून कोणी ओरडलं, “काऊन सर, काऊन?” मीही हसलो.

संध्याकाळी पुस्तक काढून पाहिलं. तिची शंका बरोबर होती. एक अट घातल्याशिवाय ती पायरी टिकत नव्हती. दुसऱ्या दिवशी वर्गात हे सांगता आलं असतं. मी पुढचा धडा घेतला.

तिने पुन्हा काही विचारलं नाही. दिवाळीनंतर आलीच नाही. विभागप्रमुखांनी कारण विचारलं. मी म्हणालो, “गणित झेपलं नाही तिला.”

झेपलं कोणाला नव्हतं?

गेल्या हिवाळ्यात आष्टीच्या बाजारात ती दिसली. केस पिकलेले. तिनेच ओळखलं. “नमस्कार सर. आपली तब्येत बरी आहे ना?” — एकेक शब्द पारखून घेतलेला, अगदी शुद्ध.

‘सुजाता, मलेच येत नव्हतं. चूक माही होती, बाई’ — ओठांपर्यंत आलं होतं.

मी म्हणालो, “वांगी महाग झालीत यंदा.”