मादागास्करला निघालेली माधुरी

माधुरीला आधी कुठंच जायचं नव्हतं. मुरबाडजवळच्या टोकावडे गावाच्या वर डोंगरउतारावरच्या एका पाड्यात ती आणि तिचा नवरा विठू राहायची. शेजारच्याच घरात थोरला दीर रंगू. काही वर्षांमागं विठूच्या छातीचं दुखणं बळावलं तेव्हा तो कल्याणला मिशनच्या दवाखान्यात महिनोन्महिने पडून होता. बरा होऊन आला तो येशूचं नाव घेऊनच, आणि पुढं दोघांनी बाप्तिस्मा घेतला. पाड्यात कुणी शिवीगाळ केली नाही. फक्त लग्नाची बोलावणी त्यांचं दार सोडून पुढं जाऊ लागली.

दोन हजार एकचा पावसाळा सरल्यावर पास्टर धनेश कल्याणहून आले, धापा टाकत पाडा चढले. मिशनला मादागास्करला एक शेतकरी जोडपं पाठवायचं होतं. तो भाताचा मुलूख. लोकांबरोबर शेतात राबायचं, आणि ओळख झाली की प्रभूचं सांगायचं.

"समुद्रापार?" माधुरी म्हणाली. "आमाला मुंबई पन धड ठाव नाय."

"भात तिथंही चिखलात वाकूनच लावतात, ताई."

विठूनं तिथल्या तिथं होकार दिला. माधुरीनं दिला तो आठवड्यानं. त्या दिवशी विहिरीवर बाया बोलत उभ्या होत्या, ती आली तशा गप्प झाल्या आणि तिचा हंडा भरेपर्यंत गप्पच राहिल्या. जिथं आपल्याला कुणी ओळखतच नाही, तिथं निदान मुद्दाम गप्प तरी कुणी बसणार नाही, असं तिच्या मनात आलं. घरी येऊन ती नवऱ्याला म्हणाली, "चला, जाऊ."

मग तयारीची धांदल उडाली. पासपोर्टसाठी पोलीस घरी येऊन गेले. मुरबाडच्या बाजारात तिनं आयुष्यातले पहिले बूट घेतले आणि पाय सोलवटून घेतले. कल्याणला लशीच्या सुया टोचल्या, दंड सुजले. दर रविवारी पास्टर तिथल्या भाषेतले शब्द घोकून घेत. तिकडं भाताला 'वारी' म्हणतात हे ऐकून ती हसली. "आपली वरी जनू," असं म्हणत तिनं तो शब्द पक्का केला. विठूच्या मात्र काही ध्यानात राहत नसे.

म्हसा गावच्या गुरांच्या जत्रेत बैलजोडी विकली. राहता राहिला शेताचा तुकडा. रंगूला तो सांभाळ म्हटलं तर तो म्हणाला, "नुसता सांभाळनार नाय. मी कसायचा नि तुमी आल्यावर सोडायचा, असा नको. देयाचा तर नावावर करून दे."

"मागं काय ठेवला तर जीव मागंच ऱ्हाईल," विठू बायकोला म्हणाला, आणि शेत भावाच्या नावावर झालं. माधुरीला बोलायचं होतं. पण आपण अडवलं तर प्रभूच्या कामात आडकाठी केल्यासारखं होईल, म्हणून ती गप्प राहिली.

मार्चमध्ये दोघं बॅगा घेऊन कल्याणला मिशनच्या खोलीत येऊन राहिली. तिथं पास्टरांनी सांगितलं, "जाणं लांबलंय. तिकडं निवडणुकीवरून भांडण पेटलंय. दोघं जण स्वतःला राष्ट्राध्यक्ष म्हणवतायत. रस्ते अडवलेत, पूल पाडलेत."

पावसाळा तोंडावर आला तरी निरोप नव्हता. दोघं पाड्यावर परतली तेव्हा शेतात रंगूचं आऊत चाललं होतं.

"मी हाकलत नाय रे," रंगू म्हणाला. "घर तुमचाच हाय. पन शेत आता माज्या पोरांचा झाला."

त्यात खोटं काहीच नव्हतं. महिन्याभरात दोघं पोटासाठी मुरबाडला भाड्याच्या खोलीत आली. विठू एका कारखान्यात गोण्या उचलू लागला.

पावसाळा संपेतो तिकडं शांत झालं. पुढच्या वर्षी पास्टर स्वतः खोलीवर आले. तिकडच्या मंडळींना आता इंग्रजी येणारं जोडपं हवं होतं आणि नाशिककडची दोघं ठरलीही होती. समोरचा चहा निवून गेला, तरी त्यांनी कपाला हात लावला नाही.

"आमचा काय चुकला?" विठूनं विचारलं.

"काहीच नाही, विठूभाऊ."

काही चुकलं असतं तर बरं झालं असतं, असं माधुरीला वाटलं. निदान ते सुधारता आलं असतं.

विठूची छाती पुन्हा दुखू लागली. तो दवाखान्यात जाईना, प्रार्थनेलाही जाईना. माधुरी रविवारी एकटीच जायची, मागच्या रांगेत बसायची आणि गाणं संपण्याआधी उठायची. दोनेक वर्षांनी पास्टर पुन्हा आले. जव्हारकडच्या पाड्यांवर प्रभूचं सांगायला चार दिवस जायचं होतं, तेवढंच.

विठू भिंतीकडं तोंड करून पडला होता. "आमची तयारी नाय आता," तो म्हणाला.

पास्टरांनी माधुरीकडं पाहिलं. मी एकटी येते, असं म्हणायला तिनं तोंड उघडलं. मग चार दिवस ह्याला पाणी कोण देईल, आणि तिथं जाऊन आपण कुणाला काय सांगणार, असं एकदम मनात आलं. पास्टर चपला घालून एकटेच निघाले. तिनं स्टोव्ह पेटवला आणि भाकरीचं पीठ मळायला घेतलं.