हेखाल आणायला सोलापूरला

सोलापूर स्टेशनवर उतरलो तेव्हा माझ्याजवळ एक पिशवी होती आणि एक जाडजूड दोरखंड. दोरखंड बघून तांगेवाल्याने विचारलं, "क्या बांधके ले जाने कू आये साब?"

"देवाचं कपाट," मी म्हणालो.

त्याने लगेच भाडं वाढवून सांगितलं. प्रवासाची सुरुवात ही अशी. पुढेही फारसं काही वेगळं झालं नाही.

ज्यांना आमची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगतो. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. घरात मराठी बोलतो, शनिवारी शब्बाथ (विश्रांतीचा दिवस) पाळतो आणि आमच्या प्रार्थनागृहाला मशीद म्हणतो. त्यावरून आमच्या गावात नवा आलेला प्रत्येक पोस्टमन आजवर एकदा तरी चुकलेला आहे. मशिदीत जेरुसलेमच्या दिशेच्या भिंतीला एक लाकडी कपाट असतं, त्यात तोराची, म्हणजे आमच्या धर्मग्रंथाची, गुंडाळी ठेवतात. तो हेखाल. आमच्या हेखालाला वाळवी लागली. दार उघडलं तर दार हातात आलं. तेव्हापासून तोरा कमिटीच्या लोखंडी कपाटात होती. त्याच कपाटात आधी रॉकेलचा डबा असायचा, आणि वास काही केल्या जात नव्हता.

अशात सोलापूरहून डेव्हिडकाकांचा निरोप आला. काका रेल्वेतून निवृत्त झालेले गार्ड. एके काळी सोलापूरच्या रेल्वेत आमची बरीच घरं होती आणि शनिवारची प्रार्थना काकांच्या पुढच्या खोलीत व्हायची. सागवानी हेखाल तिथलाच. पुढे एकेक कुटुंब इस्राएलला गेलं. तोरा मुंबईच्या मंडळींना परत केली. हेखाल मागे राहिला, आत काही नाही. काका म्हणाले, घेऊन जा.

जायला कोण मोकळा? एकाच्या बायकोला बरं नव्हतं, एकाची कमर धरली होती, आणि एक जण तर हो म्हणून दुसऱ्या दिवशी गावातूनच नाहीसा झाला. राहिलो मी, शाळामास्तर. मास्तरांना काय, सुट्ट्याच सुट्ट्या, असं सगळ्या जगाचं मत आहे.

निघताना आमच्या मुकादमांनी (जमातीच्या प्रमुखांनी) बजावलं, "सॉलोमन, ओढूनताणून काही आणायचं नाही. रीत माहीत आहे ना?"

माहीत होती. रानात देवाने आमच्या संदेष्ट्याला, मोशेला, सांगितलं, मला राहायला तंबू करा. पण पट्टी बसवू नका, ज्याचं मन राजी असेल त्याच्याकडूनच घ्या. मग पुरुष आले, बायकाही आल्या, सोनं, सूत, कातडी, लाकूड घेऊन. बायकांचा उल्लेख आहे म्हणून आमच्या गावात रीत अशी पडली आहे की एखाद्या घरातली वस्तू मशिदीसाठी घ्यायची तर नवराबायको दोघांनाही विचारायचं. त्याने 'खुशीनं देतो' म्हणायचं, तिने 'खुशीनं देते' म्हणायचं. मला वाटलं, एक शब्द याचा, एक शब्द तिचा, की मी परतीच्या गाडीत.

गिरणीचा भोंगा ऐकू येईल अशा गल्लीत काकांचं घर होतं. ऊन असं की सावलीतही डोळे मिटावे लागत. काका दारातच उभे होते. मी पाणी पिण्याआधीच ते म्हणाले, "खुशीनं देतो. झालं?"

"झालं काका. आता काकू."

रिबकाकाकू स्वयंपाकघरात होत्या. मी उंबऱ्यात उभा राहून विचारलं. त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली.

"ह्यांनी दिला ना? मग ने."

"तसं नाही चालत काकू. तुम्ही म्हणायला हवं."

"आधी जेव."

जेवलो. ज्वारीची भाकरी, दही, आणि शेंगांची चटणी, जिला तेल सुटलं होतं आणि जिने माझ्या डोळ्यांतून पाणी काढलं. मटण या घरात शिजून वर्षं झाली होती. आमच्या रीतीने बकरं कापणारा शेवटचा माणूस इस्राएलला गेला, तेव्हापासून काका-काकू शाकाहारी. शेजारचे लिंगायत त्यामुळे खूश, ताटं बिनधास्त इकडून तिकडे जातात. हे सगळं काकूंनी मला तपशीलवार सांगितलं. विचारलं होतं ते मात्र नाही.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. मला दुपारच्या गाडीने निघून वाटेत नात्यातल्यांकडे मुक्कामाला उतरायचं होतं, कारण संध्याकाळी शब्बाथ लागला की प्रवास बंद. काकांनी सकाळीच सांगितलं, "खोका केल्याशिवाय हेखाल न्यायचा नाही. ब्रेकव्हॅनमध्ये सामानाचं काय होतं ते मला विचार. कुंभारीला माझ्या ओळखीचा सुतार आहे."

सोलापूर शहरात एकही सुतार नसावा, अशा थाटात त्यांनी मला कुंभारीच्या एस.टी.त बसवलं. कुंभारीत सुताराच्या दाराला कडी. ओसरीवर एक म्हातारा बसला होता.

"सुतार न्हाय. वळसंगला लग्नाला गेल्यात."

"कधी येतील?"

"येतील की."

"आज?"

"आज कसं येतील? लगीन हाय की."

परतीची एस.टी. वाटेत बंद पडली. ज्वारीची कणसं खुडून झालेली, नुसती कडब्याची शेतं दोन्ही बाजूंना, आणि मधे आम्ही उतारू कंडक्टरच्या तोंडाकडे बघत उभे. घरी पोचलो तेव्हा माझी गाडी निघून गेली होती. म्हणजे आता रविवार सकाळ. माझं डोकं असं फिरलं होतं की भिंतीशी भांडलो असतो.

भिंतीऐवजी शेजारच्या शरणव्वा भेटल्या. पुढच्या खोलीत हेखालासमोर झेंडूचं फूल ठेवत होत्या. आमच्यात फुलं वाहत नाहीत, पण काकूंनी कधी मना केलं नसावं.

"मास्तर, देवाला कुटं नेता वो?"

"देव नाही तो. कपाट आहे. रिकामं आहे आत."

"रिकामं कसं? रिबकाक्का दर सुक्रवारी दिवा लावती की हितं." त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "हितं काय वंगाळ हाय व्हय त्याला?"

मी हातपाय धुवायला गेलो.

संध्याकाळी काकूंनी छताला टांगलेल्या काचेच्या दिव्यात तेल घालून वात लावली. मनुकांच्या सरबतावर काकांनी आशीर्वाद म्हटला. आवाज गार्डाचा, शिट्टीशिवाय स्टेशन हलवणारा. मीही गायलो. राग थोडा उतरला, हे कबूल करायला हवं.

शनिवारी सकाळी प्रार्थना झाली. पूर्ण प्रार्थनेला लागतात ते दहा पुरुष नव्हते, दोनच होतो, तरी काकांनी त्या आठवड्याचा पाठ पुस्तकातून वाचला. योगायोगाने तोच निघाला, देवासाठी तंबू आणि त्यासाठी राजीखुशीने दिलेल्या वस्तू. काका रंगात आले. "बघ सॉलोमन, मी त्यांच्यातलाच. देवाला घर देतोय." मग पुस्तक मिटून सहज म्हणाले, "हा गेला की मीही मोकळा. मुलगा कधीचा बोलावतोय इस्राएलला, बेरशेबाला. दर वेळी कळवत होतो, हेखाल टाकून कसा येऊ? आता घर विकायचं आणि निघायचं."

काकू स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्या राहून ऐकत होत्या. त्या आत गेल्या.

दुपारी काका झोपले. मागच्या अंगणात शरणव्वा शेंगा फोडत होत्या आणि काकू शेजारी हात मांडीत घेऊन बसल्या होत्या, शब्बाथ म्हणून. दोघींचं कानडीत चाललं होतं. मी आलो तशा शरणव्वा उठून गेल्या, शेंगांचं सूप तिथेच ठेवून.

"काकू, तारे दिसून शब्बाथ संपला की मी पुन्हा विचारणार आहे. सरळ सांगून टाका."

काकू सुपाकडे बघत म्हणाल्या, "माझा जन्म इथला. बाप इथंच रेल्वेत फिटर होता. मराठी आईची, कानडी गल्लीची. हिब्रू येते ती प्रार्थनेपुरती. त्या बेरशेबात मी दिवसभर कुणाशी बोलू रे? सून चांगली आहे. पण ती कामाला जाते."

"हे काकांना सांगितलंत?"

"त्यांनी विचारलं कधी?"

"आणि हेखाल?"

"तो आहे तोवर हे इथून हलत नाहीत," काकू म्हणाल्या. "तो न्यायला तू आलास."

मी लाकूड न्यायला आलो होतो. या बाईचं सोलापूर उचलून न्यायला आलोय, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. काकांचा राग आला. काकूंचाही आला, इतकी वर्षं तोंड शिवून बसल्याबद्दल. आणि घरी कमर धरून पडलेल्या त्या गृहस्थाचा तर फारच आला.

संध्याकाळी गिरणीच्या धुरातून तीन तारे शोधायला आम्हाला बराच वेळ लागला. ते दिसले, शब्बाथ संपला. काकांनी स्वतः माझा दोरखंड आणला. खोका नव्हता, पण त्यांनी दोन जुनी पोती मिळवली होती. काकू डोक्यावर पदर घेऊन आल्या, हेखालाशेजारी उभ्या राहिल्या आणि मी काही विचारायच्या आत म्हणाल्या, "खुशीनं देते."

"शाबास," काका म्हणाले. "धर रे तिकडून."

मी धरलं नाही. दोरखंड खाली टाकला.

"काकू, हे खरं नाही."

"ती म्हणाली ना? रीत झाली," काका म्हणाले.

"रीत नाही झाली काका. शब्द झाला." माझा आवाज चढला होता, चढला तर चढला. "देवाने पट्टी बसवली नाही, आणि तुम्ही बसवताय घरातल्या घरात. काकू, एकदा नाही म्हणून बघा. काही होत नाही. म्हणा."

काकूंनी पदर नीट केला. हेखालाच्या दारावर हात ठेवला.

"नाही," त्या म्हणाल्या. "मला नाही द्यायचा. मला जायचंही नाही."

काका पोत्यावरच बसले. गार्डाच्या आवाजातलं काहीच शिल्लक नव्हतं. "अगं, मग आधी का नाही बोललीस?"

"मुलाला पत्र तुम्ही लिहिलंत, निरोप तुम्ही धाडलात. मला फक्त ह्यानं विचारलं."

"आता त्याला काय कळवू?"

"कळवा, हेखाल द्यायला बायको राजी नाही."

शेजारून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. मी मनात हिशेब करत होतो की रिकाम्या हाताने मुकादमांपुढे कसं उभं राहायचं.

काकू आत गेल्या, ट्रंक उघडली आणि घडी न मोडलेली एक चादर घेऊन आल्या. सोलापुरीच, लाल, हिरव्या किनारीची, घोंगडीइतकी जाड. "हेखालापुढं पडदा लागतो ना तुमच्याकडे? ही ने. ही खुशीनं देते."

आता काकांची पाळी. त्यांनी चादर मांडीवर घेतली आणि उलटसुलट केली. ही त्यांच्या निवृत्तीला बरोबरच्या गार्डांनी मिळून दिली होती. तिकडच्या थंडीत पांघरायला त्यांनी ती जपून ठेवली होती, वापरायची नाही म्हणून काकूंना बजावून. परवा हेखाल देताना त्यांनी मला पाणी प्यायचीही उसंत दिली नव्हती. आता ते किनारीवरून बोट फिरवत बसले. काकूंनी घाई केली नाही. मीही, आयुष्यात पहिल्यांदाच, घाई केली नाही.

"तिकडे जायचंच नाही तर..." ते म्हणाले आणि थांबले. मग चादरीची घडी नीट केली. "खुशीनं देतो."

आवाज इतका लहान होता की मला पुन्हा विचारावंसं वाटलं. विचारलं नाही.

रविवारी सकाळच्या गाडीत चादर मांडीवर घेऊन बसलो. शरणव्वांनी वाटेसाठी कडक भाकरी आणि चटणी बांधून दिली होती, न मागता. कुर्डुवाडीपर्यंत समोरच्याने तीनदा विचारलं, चादर केवढ्याला घेतली. घेतली नाही म्हटलं की त्याला वाटे मी दाम लपवतोय. शेवटी मी खिडकीकडे तोंड केलं. पिशवीत दोरखंड होता, जसा नेला तसाच.

गावी पोचलो. मशिदीच्या ओट्यावर अख्खी कमिटी हेखाल उतरवून घ्यायला उभी, कमरवाले गृहस्थही ताठ. मी चादर पुढे केली. एक जण म्हणाला, "चार दिवस राहून चादर आणलीस?" मी त्याला जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मुकादमांनी चादर हातात घेतली. "दोघांनी दिली?"

"दोघांनी. काकूंनी लगेच दिली. काकांना फार वेळ लागला."

"हं," मुकादम म्हणाले. "मग लावा."

चादर लोखंडी कपाटापुढे लावली. ती इतकी जड आहे की कड्या अडकतात आणि पडदा सरकवायला दोन माणसं लागतात. रॉकेलचा वास अजून पूर्ण गेलेला नाही. दर शनिवारी कुणीतरी कुरकुर करतं आणि माझ्याकडे बघतं. परवा मुंबईहून आलेल्या एका पाहुण्याने लाल चादर बघून मला हळूच विचारलं, "तुमचा हेखाल कुठं आहे?"

"सोलापूरला आहे," मी म्हणालो. "तिथे माणसं राहतात अजून. तुम्ही जरा पडदा धरा तिकडून."