फोटो बघून शिकलेला नाच

नाच शिकवणाऱ्या बाईंचे वडील फाटक्या पुस्तकांना नवे पुठ्ठे घालून द्यायचे. एकदा त्यांच्याकडे नाचाबद्दलचं एक जाडजूड पुस्तक दुरुस्तीला आलं आणि ते न्यायला कुणी फिरकलंच नाही. पुस्तक परभाषेतलं. घरात कुणाला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. पण पानोपानी एका नामवंत गुरूंचे फोटो होते. पाय कुठे, हात कसा, मान किती कललेली, सगळं स्पष्ट. बाई तेव्हा परकरी पोर होत्या. पुस्तक कपाटाला टेकवून ठेवायचं आणि फोटोत जो पाय पुढे तोच आपला पुढे टाकून, फोटोबरहुकूम उभं राहायचं, असं करत करत त्या नाच शिकल्या. गावात शिकवणारं दुसरं कुणी नव्हतंच.

लग्न झाल्यावर त्यांनी क्लास काढायचं ठरवलं. शाळेचं सभागृह संध्याकाळी वापरायला देताना मुख्याध्यापिकेने सहज विचारलं, तुमचे गुरू कोण? पुस्तकातले फोटो बघून शिकले, हे सांगायला बाईंची जीभ रेटेना. वडिलांनी कुणाकडून तरी वाचून घेतलेलं मुखपृष्ठावरचं नाव त्यांनी सांगून टाकलं. गुरू केव्हाच वारले होते. ते नाव क्लासच्या पाटीवर गेलं. मग कुणी विचारलं की गुरुजी पहाटे उठवायचे, रागीट होते पण माया करायचे, असंही बाई सांगू लागल्या. नवऱ्याला खरं ठाऊक होतं. अशा वेळी तो उठून पाणी प्यायला आत जायचा.

क्लासला कित्येक वर्षं झाली. गावातल्या शिंपिणीची थोरली मुलगी बाईंची सगळ्यात गुणी शिष्या. अंगाने बारीक म्हणून सगळे तिला काडी म्हणत. मोठ्या शहरातल्या नृत्यमंडळीत नव्या मुली घेणार असं कळल्यावर बाई तिला स्वतः घेऊन गेल्या. पिशवीत ते पुस्तकही होतं. शुभ वाटायचं त्यांना.

निवडीला मुलींना एका रांगेत उभं केलं. सुरुवातीचा नाच सगळ्यांना येणाराच होता. संगीत सुरू झालं. सगळ्यांचा उजवा पाय पुढे पडला, काडीचा डावा. ती शेजारणीवर आदळली. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच. मुली तोंडं दाबून हसायला लागल्या. परीक्षक बाईंनी संगीत थांबवून विचारलं, कुणी शिकवलं तुला? काडीने ताठ मानेने गुरूंचं नाव घेतलं आणि सांगितलं, माझ्या बाई त्यांच्याच शिष्या आहेत, त्या काय मागे बसल्यात.

सगळ्या माना वळल्या. परीक्षक बाई वयस्कर होत्या. त्यांनी शांतपणे विचारलं, "तुम्ही कधी होतात गुरुजींकडे? माझी सगळी तरुणपणाची वर्षं त्यांच्या घरात गेली."

बाई उभ्या राहिल्या. कानशिलं तापली. "मी त्यांना कधी पाहिलं नाही," त्या म्हणाल्या. "पुस्तकातले फोटो बघून शिकले."

काडीने त्यांच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली, ती वर केलीच नाही.

नंतर व्हरांड्यात परीक्षक बाईंनी पुस्तक चाळलं; ती भाषा त्यांना येत होती. या स्वस्त आवृत्तीत फोटो आरशात दिसावेत तसे उलटे छापले गेले होते. मजकुरात मात्र 'उजवा पाय' असंच होतं. कुणाकडून वाचून का नाही घेतलं, त्यांनी विचारलं. वाचून घेतलं असतं तर मी कुठून शिकले ते लोकांना कळलं असतं, असं बाई पुटपुटल्या.

"उजव्याचं डावं झालं ते छापणाऱ्याचं," परीक्षक बाई म्हणाल्या. "बाकीचं तुमचं."

काडीची निवड झाली नाही. परतीच्या बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली. गावात उतरल्यावर बाई तिच्याबरोबर घरी गेल्या आणि शिंपिणीला सगळं सांगितलं. शिंपीण झग्याची दुमड घालत होती, ओठांत टाचण्या होत्या. त्या एकेक काढून तिने टाचण्यांच्या उशीला टोचल्या.

"आधी सांगितलं असतंत ना," ती म्हणाली, "तरी मी पोरीला तुमच्याकडेच धाडलं असतं. दुसरं होतंच कोण?"

बाईंना वाटलं, यापेक्षा तिने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पाटी त्यांनी स्वतःच्या हाताने उतरवली. पालकांना बोलावून खरं सांगितलं. निम्म्या मुली गेल्या. मग दर सुट्टीला बस पकडून त्या परीक्षक बाईंकडे शिकायला जाऊ लागल्या. नातीच्या वयाच्या मुलींमागे, शेवटच्या रांगेत उभं राहायचं. इतक्या वर्षांचं अंगवळणी पडलेलं सुटता सुटत नव्हतं; डावा पाय आपला पुढे यायचाच, आणि पुढच्या मुली आरशातून त्यांच्याकडे बघायच्या.

काडी आईच्या मशिनवर बसायला लागली. बाई दिसल्या की रस्ता ओलांडायची. बरेच महिने गेल्यावर एका संध्याकाळी ती सभागृहाच्या दारात आली. बरोबर धाकटी बहीण होती.

"हिला शिकवा," ती म्हणाली. "पण आधी हिला सांगा."

बाई खाली बसल्या आणि त्या लहानग्या पोरीला पहिल्यापासून सगळं सांगितलं. पुस्तक, पाटी, काडीच्या निवडीची रांग, काही वगळलं नाही. कानशिलं तशीच तापली. पोरीने ऐकून घेतलं आणि चपला कुठे काढू, असं विचारलं. काडी भिंतीजवळच्या बाकावर जाऊन बसली. क्लास संपेपर्यंत थांबली, पण नाचायला उठली नाही.