तिसऱ्या वेळेनंतर

स्पिरिटचा वास आला, की मला कोल्हापुरातल्या त्या दवाखान्यातली डॉक्टरांची खोली आठवते. टेस्ट ट्यूब बेबीचा आमचा तिसरा प्रयत्नही फसला होता. दुसऱ्या वेळी इंजेक्शनांमुळे माझ्या पोटात पाणी झालं होतं, श्वास घेता येईना म्हणून ॲडमिट व्हावं लागलं होतं, तरी डॉक्टर म्हणत होते, "डोस वाढवून अजून एकदा बघू." नवरा खाली मान घालून बसला होता. राधानगरीहून सासूबाई आल्या होत्या. नातवंडासाठी त्यांनी जोतिबाला नवस बोललेला, त्यामुळे त्या हो म्हणणार हे मी धरूनच चालले होते. पण त्या माझ्याकडे वळल्या. "तू सांग. तुला काय पायजे?" इतक्या वर्षांत हे मला कुणीच विचारलं नव्हतं. मीसुद्धा स्वतःला नाही. "बास करूया, आत्ती," मी म्हणाले. "मग बास," म्हणत त्या पिशवी घेऊन उठल्याच. बाहेर नंबर लावून बसलेल्या बायकांपैकी एकीनं विचारलं, "काय मावशी, राहिलं का?" मी पदरानं तोंड झाकणार, तोच सासूबाईंचा आवाज अख्ख्या हॉलभर गेला, "न्हाय राहिलं. पण माझी सून हाय की धडधाकट!" आणि माझा हात धरून त्या सगळ्यांसमोरून ताठ मानेनं निघाल्या. आम्हाला मूल झालं नाही. कुणी विचारलं, की मी सरळ तसंच सांगते, आणि आवाज आता माझाही मोठाच निघतो.