बाबांची भिंत

आमच्या ह्यांनी उभा जन्म काच कारखान्याच्या भट्टीसमोर काढला. भुवया गेल्या त्या गेल्याच. घरी आले की दिवाणखान्यातल्या खिडकीशी खुर्ची ओढायची आणि वारा खात बसायचं, एवढीच त्यांची चैन.

आम्ही चार दिवस लेकीकडे राहून आलो, तर खिडकी गायब. मुलाने ती बुजवून अख्ख्या भिंतीला काळा दगड लावला होता आणि मधोमध विजेची शेकोटी, तीही चांगली तापणारी. "बाबांच्या कामाची आठवण," म्हणाला. सूनबाईने ह्यांना त्या ज्वाळांसमोर बसवून फोटोही काढला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "एवढी अक्कल पाजळलीस, बापाला एका शब्दाने विचारलंस का?"

"असू दे गं, हौसेनं केलंय त्यानं," उलट ह्यांनी मलाच गप्प केलं.

आता हे बाहेर जिन्यात बसतात. पाहुणे आले की मुलगा हाक मारतो, "बाबा, या ना, तुमची भिंत दाखवायचीय." मग हे उठतात, कामावर जाताना लावायचे तशी शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावतात आणि आत जाऊन भट्टीसमोर बसतात.