दोषाची खुर्ची

ग्राहक कायदा मला तोंडपाठ आहे आणि त्याचा मला काडीचाही उपयोग झालेला नाही.

खामगावहून हौसेने प्लॅस्टिकची नवी खुर्ची आणली. वरवट बकालच्या आमच्या अंगणात पहिल्यांदाच तिच्यावर टेकलो आणि मागचे दोन्ही पाय कडाडकन मोडले! खुर्चीचे. माझं मोडलं माकडहाड. (दुसरं कुठलंही हाड मोडलं तर लोक हळहळतात. या हाडाचं नाव काढलं की तोंड फिरवून हसतात.)

रागावलो की मी पुस्तकी मराठी बोलतो. पडल्या पडल्या गरजलो, "या खुर्चीत दोष आहे! मी भरपाई घेणारच!"

"दोष तुमच्या वजनात असन," बायको, मंगला, म्हणाली.

"नाही! दोष खुर्चीतच आहे!" चार घरं दणाणली.

बुलढाण्याच्या वकिलांनी फोनवर धीर दिला. "बिल हाय? डॉक्टरचा कागद हाय? मंग भरपाई भेटते. फक्त ते मोडकी खुर्ची जपून ठेवा. तोच आपला पुरावा!"

मी आतल्या खोलीत पालथा पडून विजयाची वाट पाहू लागलो. बुलढाण्याला निघायच्या सकाळी कण्हत बाहेर आलो, तर अंगण रिकामं!

"माय, खुर्ची कुठी गेली वं?"

"देल्ली भंगारवाल्याले," आई लसूण सोलत म्हणाली. "पाव किलो लसूण देल्ला त्यानं."

"काऊन देल्ली?"

"तूच तं बोंबलून राह्यला होता, दोष हाय, दोष हाय! दोषाची वस्तू घरात ठेवतेत काय? लिंबू उतरवलं अन् देऊन टाकली."

"माय, तो दोष कायद्यातला होता!"

"कायद्यातला असो का अमावस्येचा, दोष तो दोष!"

इतका संताप आला की दुखणंही विसरलो. कमरेवर हात ठेवून भंगारवाल्याचं दुकान गाठलं. त्याने सगळं प्लॅस्टिक ठेचून पोत्यांत भरलेलं. त्यातली माझी खुर्ची ब्रह्मदेवालाही ओळखता आली नसती!

घरी येऊन रडवेल्या आवाजात वकिलांना फोन केला.

"खुर्ची गेली?" ते ओरडले. "मंग आता उरलं काय तुमच्यापाशी?"

मंगलाने फोन हिसकावला. "हे उरले ना, साहेब! भंगारवाल्याले हेबी दाखवले होते. तो म्हणे, याच्यावर लसूण नाही भेटत."