पाण्यातलं सागवान

देवराव रामटेके एकतीस वर्षं जंगलखात्याच्या नाक्यावर होते, आणि तेवढ्या वर्षांत त्यांनी कुणाच्याही बोलण्याचा सरळ अर्थ घेतला असेल तर शपथ. आलापल्लीकडून बैलबंडी आली की तणसात लोखंडी सळई खुपसायची आणि खाली चोरीचं सागवान लागतं का ते पाहायचं, हे त्यांचं काम. नोकरी सुटली, खोड सुटली नाही. १९८६ साली वैनगंगेकाठच्या आमच्या गावी ते परतले तेव्हा एकटेच होते. बायको आधीच गेलेली, मुलगी वडसाला दिलेली. भाजीवालीने एक वांगं जास्त टाकलं तरी हा माणूस घरी येऊन पिशवी उलटी करून पाहायचा.

एका सकाळी हरिदास आणि हाफिज दारात आले. हरिदास ढिवर, म्हणजे पिढीजात मासेमार, आणि हाफिज गावचा शिंपी. तिघं एका वर्गातले, शाळा चुकवून मासे धरायला जाणारे.

"चाल, डोहावर जाऊ," हरिदास म्हणाला.

"काऊन?"

"काऊन म्हंजे? मासे धराले."

देवरावांना ते पटेना. नाक्यावर त्यांनी हरिदासचीही बंडी अडवली होती आणि हाफिजच्या सासऱ्याचीही. मग या दोघांना आताच कुठून प्रेमाचं भरतं आलं? तरी गेले, कारण घरात बसून भिंतीच पाहायच्या होत्या.

हरिदासने बांबूची काडी हातात दिली. गळाला गांडूळ लावताना बोटं अडखळली. तासभर काहीच नाही. मग दोरीला हिसका बसला, काडी वाकली, आणि हातभर लांबीची मरळ काठावर येऊन आपटली. देवराव मोठ्याने हसले. स्वतःचंच हसू ऐकून ते जरा दचकलेसुद्धा. त्या दिवसापासून ते उजाडायच्या आत अंगणात तयार असत. बायको गेल्यापासून सकाळची वाट पाहावी असं त्यांच्या आयुष्यात काही नव्हतं. आता होतं, आणि हे एवढं गेलं तर मागे काही उरत नाही, हेही त्यांना कळत होतं.

पण डोहाच्या डाव्या अंगाला एक कोपरा होता. तिथे ते दोघे त्यांना गळ टाकू देत नसत.

"तिकडं नको. गरी अटकते," हरिदास म्हणायचा, आणि हाफिज हळूच त्याच्याकडे पाहायचा.

ते पाहणं देवरावांनी टिपलं. चोर सागाचे ओंडके पाण्यात बुडवून ठेवतात आणि बोभाटा निवला की काढतात, हे त्यांना पाठ होतं. मग सगळंच जुळत गेलं. रिटायर नाकेदार काठावर बसला असल्यावर कोणता गार्ड तिथे पाहायला येईल? आपल्याला बुजगावणं म्हणून आणलं! मनाला फार लागलं ते.

शुक्रवारी हाफिज नमाजाला गेला आणि हरिदास बाजाराला. भर दुपारी देवराव बांबू घेऊन छातीभर पाण्यात उतरले. बांबू लाकडाला लागला. त्यांनी जोर लावून उपसलं, दोऱ्या तोडल्या, तेव्हा वर आल्या जांभळाच्या फांद्या. दगड बांधून बुडवलेले भारे होते ते. त्यांच्या आसऱ्याला जमलेले मासे देवरावांच्या पायांमधून सुळसुळत निघून गेले. सुटलेल्या फांद्याही धारेला लागल्या. दोन-तीन महिन्यांची मेहनत देवरावांनी अर्ध्या तासात उधळली होती.

दुसऱ्या दिवशी हरिदासने पाणी पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "पल्याडच्या मुखरूचं काम हे. आता त्याची डोंगी इथी लागू देनार नाई."

गप्प बसलं की भागत होतं. देवराव गप्प बसलेही. हाफिजने पुढे केलेली भाकर मात्र त्यांनी तशीच फडक्यात बांधून ठेवली. उन्हं कलली तेव्हा ते म्हणाले, "मुखरू नोहे. मी होतो. मले वाटलं, तुमी सागवान लपवून ठेवलं."

मग हाफिज म्हणाला, "आन आमाले वाटलं, याले सांगितलं त हा रिपोर्ट करन. हिरव्या फांद्या होत्या, बिनापासच्या. सरकारी जंगलातल्या."

हरिदास त्यांच्याकडे न पाहता दोरी गुंडाळत राहिला. शेवटी म्हणाला, "उद्या सकाळी कुऱ्हाड घेऊन ये."

"आन पास?"

"पास पाहिजे असन त येऊ नको."

ती रात्र देवरावांनी कशी काढली ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. सकाळी मात्र ते आले, शेजारच्या बुधरीबाईंची कुऱ्हाड मागून. जंगलात शिरल्यावर पहिला घाव त्यांनीच घातला आणि त्या आवाजाने स्वतःच घामाघूम झाले. चार भारे झाले असतील, तेवढ्यात वाटेवर सायकल खडखडली. गार्ड! तिघं झुडपामागे पालथे पडले. गार्डने थांबून इकडेतिकडे पाहिलं, पुन्हा सायकलवर टांग मारली आणि वळणाआड गेला.

"गेला. उठा," हरिदास कुजबुजला.

देवरावांनी त्याचा खांदा धरून त्याला खाली दाबलं. "पडून राय. पुढं जाऊन सायकल झाडाले लावते आन पायी वापस येते. मी बी गस्तीवर असाच करत होतो."

आणि खरंच, थोड्या वेळाने गार्ड पायी परत आला.